कॅमेऱ्याचं सामान जास्त झालंय? काय ठेवायचं आणि काय विकायचं, हिशेबाने ठरवा



आपल्या व्हिडिओंखाली फोटो स्टुडिओवाल्यांचा, प्रॉडक्ट फोटोग्राफी सुरू केलेल्यांचा आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न सारखा येतो. "सर, माझ्याकडे चार बॉडी आहेत, सात-आठ लेन्स आहेत, तरी हातात पैसा नाही. आता मिररलेस घेऊ का?"

माझं उत्तर असतं, नवीन काय घ्यायचं ते नंतर बघू. आधी कपाट उघडा.

हा लेख त्या कपाटाबद्दल आहे. मी स्वतः दुकान चालवतो, त्यामुळे एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. शेल्फवर पडून असलेला माल हा माल नसतो, ते अडकलेलं भांडवल असतं. किराणावाला वर्षभर न खपलेलं बिस्किट शेल्फवर ठेवत नाही. आपण मात्र वर्षभर बॅगेतून न काढलेली लेन्स "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून जपतो. लेन्सला बुरशी येत राहते, तिची किंमत उतरत राहते आणि तिकडे कर्जाचा हप्ता चालूच असतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घाईने चुकीची वस्तू विकली आणि ऐन मंगलाष्टकांच्या वेळी एकुलता एक कॅमेरा बंद पडला, तर ते लग्न परत लावता येत नाही. पैसे परत करता येतात, तो क्षण परत देता येत नाही. गावात नाव जातं ते वेगळंच. म्हणून "सगळं विका" हा सल्ला जितका चुकीचा, तितकाच "सगळं ठेवा" हाही. मधला रस्ता हिशेबाचा आहे. चला, एकेक पायरी घेऊ.

सामान वाढतं कसं?

कारण समजलं की उपाय सोपा होतो. साधारणपणे चार कारणं असतात.

पहिलं, किटबरोबर आलेलं सामान. बॉडी घेताना १८-५५ आणि ५५-२५० सोबत आल्या. पुढे चांगल्या लेन्स घेतल्या, पण या घरातच राहिल्या.

दुसरं, एका ऑर्डरीसाठी घेतलेली वस्तू. एका बिल्डरने फ्लॅटचे फोटो मागितले म्हणून वाइड लेन्स घेतली. बिल्डरचं काम संपलं, लेन्स राहिली.

तिसरं, माउंट बदलणं. कॅननचा ईएफ माउंट १९८७ साली आला आणि निकॉनचा एफ माउंट १९५९ साली. इतकी वर्षं आपण याच लेन्स जमवत आलो. मग २०१८ साली कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणला. सोनीचा ई माउंट तर २०१० पासून आहे. जुनी लेन्स एका घरातली, नवी बॉडी दुसऱ्या घरातली. दोन संसार चालवायचे म्हणजे बॅटऱ्या दोन प्रकारच्या, चार्जर दोन प्रकारचे, सगळंच दुप्पट.

चौथं, सणासुदीची ऑफर आणि बिनव्याजी हप्ता. इथे गरज नंतर शोधली जाते, वस्तू आधी घरी येते.

तुमच्या कपाटातली प्रत्येक वस्तू या चारपैकी कुठल्या कारणाने आली ते आठवा. अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

पायरी १ : सगळं सामान एका चादरीवर मांडा

एक रिकामा दिवस काढा. आषाढ-श्रावणात लग्नं नसतात, तो काळ यासाठी उत्तम. बॅगा, कपाट, गाडीची डिकी, घरचं माळं, मित्राकडे दिलेलं सामान, सगळं एकत्र आणा आणि वहीत किंवा एक्सेलमध्ये यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे सहा रकाने :

- वस्तूचं नाव आणि सिरियल नंबर
- कधी घेतली, बिल आहे का
- आज बाजारात किती रुपये येतील
- गेल्या १२ महिन्यांत किती दिवस वापरली
- त्या दिवसांचं काम कुठलं होतं
- स्थिती कशी आहे

लक्ष द्या, "कितीला घेतली" हा रकाना मी मुद्दाम दिलेला नाही. ती वस्तू ८०,००० ला घेतली होती की ८,००० ला, याने आजचा निर्णय बदलत नाही. ते पैसे गेले. आज प्रश्न एवढाच आहे की ही वस्तू विकून आज जे पैसे येतील, तेवढे पैसे हातात असते तर तुम्ही हीच वस्तू पुन्हा विकत घेतली असती का? उत्तर "नाही" असेल, तर ती वस्तू कपाटात का आहे याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आजची किंमत काढताना जाहिरातीतला आकडा धरू नका. लोक मागतात काय आणि मिळतं काय यात फरक असतो. दोन-तीन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदारांना विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या भावाच्या आसपासचा आकडा लिहा.

पायरी २ : आठवणीला विचारू नका, फोटोंना विचारा

"ही लेन्स मी खूप वापरतो" असं आपल्याला वाटतं. वाटणं आणि असणं यात फरक आहे. सुदैवाने प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत माहिती साठवलेली असते. कुठली बॉडी, कुठली लेन्स, किती मिलिमीटर, किती अॅपर्चर, कोणती तारीख. यालाच एक्झिफ माहिती म्हणतात.

तुम्ही लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर लायब्ररीत जा, वरच्या फिल्टर पट्टीत मेटाडेटा निवडा आणि रकान्यांत तारीख, कॅमेरा, लेन्स ठेवा. प्रत्येक लेन्सवर किती फोटो निघाले ते समोर येईल. लाइटरूम नसेल तर डिजीकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातही असं शोधता येतं.

इथे एक काळजी घ्या. काढलेले सगळे फोटो मोजू नका, ग्राहकाला दिलेले फोटो मोजा. लग्नात ७०-२०० वर बर्स्ट मारून ६०० फोटो निघतात आणि अल्बममध्ये २० जातात. ५० मिलिमीटरवर ८० निघतात आणि ३० जातात. पोट कुठली लेन्स भरते ते अल्बम सांगतो.

आणखी एक गोष्ट बघा. २४-७० सारख्या झूमवर तुमचे बहुतेक फोटो ३५ आणि ५० च्या आसपास आहेत का? ८५ ची लेन्स असताना पोर्ट्रेट तुम्ही ७०-२०० वरच काढता का? मग एकच काम करणाऱ्या दोन लेन्स तुम्ही पोसताय.

फक्त एका ठिकाणी आकड्यांवर आंधळा विश्वास नको. सराफाच्या अंगठीचे फोटो संख्येने कमी असतील, पण मॅक्रो लेन्सशिवाय ते काम होणारच नाही. म्हणून फोटोंची संख्या आणि त्या कामातून आलेले पैसे, दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

पायरी ३ : ठेवायचा खर्च किती, भाडं किती?

आता आपला मुख्य हिशेब. बहुतेकांना वाटतं की कपाटात ठेवलेल्या वस्तूला खर्च नसतो. असतो, आणि तो दोन प्रकारचा असतो.

एक, वर्षभरात उतरणारी किंमत. बॉडीची किंमत भराभर उतरते, कारण दर दोन-तीन वर्षांनी नवीन मॉडेल येतं. चांगल्या लेन्सची किंमत हळू उतरते.

दोन, अडकलेल्या पैशाचं व्याज. तुमच्यावर धंद्याचं कर्ज असेल तर ही वस्तू विकून ते कर्ज कमी करता आलं असतं. म्हणजे तेवढ्या रकमेचं व्याज तुम्ही या वस्तूसाठी भरताय.

या दोन्हींची बेरीज म्हणजे ठेवायचा वार्षिक खर्च. त्याला एका दिवसाच्या भाड्याने भागा. जो आकडा येईल, वर्षात तेवढ्या दिवसांपेक्षा जास्त वापर असेल तर वस्तू स्वतःची हवी. कमी असेल तर विका आणि लागेल तेव्हा भाड्याने आणा.

सूत्र लिहून घ्या :
(वर्षाची किंमत-घट + व्याज) ÷ एका दिवसाचं भाडं = किमान वापराचे दिवस

आता उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही टाका.

समजा तालुक्याच्या गावात एक स्टुडिओ आहे. वर्षाला २० च्या आसपास लग्नं, सराफ आणि साडीवाल्यांचे प्रॉडक्ट फोटो आणि काउंटरवर रोजचे पासपोर्ट फोटो. दुकानावर कर्ज आहे, व्याजदर १४ टक्के. सामानात दोन फुल-फ्रेम डीएसएलआर, एक जुनी क्रॉप बॉडी, दिवाळीत घेतलेला एक मिररलेस, २४-७०, ७०-२००, ५०, १०० मॅक्रो, १६-३५ वाइड, किटच्या १८-५५ आणि ५५-२५०, तीन ट्रायपॉड, एक स्लायडर आणि चार बॅगा.

मिररलेस आणि त्याची किट लेन्स : आज ६२,००० येतील. पुढच्या वर्षी ४८,००० येतील असं धरू. म्हणजे घट १४,०००. ६२,००० वर १४ टक्क्यांनी व्याज ८,६८०. एकूण २२,६८०. भाडं दिवसाला २,००० धरलं तर ११.३४, म्हणजे १२ दिवस. प्रत्यक्ष वापर किती? फक्त ३ दिवस, व्हिडिओसाठी. भाड्याने आणलं असतं तर ६,००० त काम झालं असतं.

१६-३५ वाइड : आज ४५,०००. घट ४,५००, व्याज ६,३००, एकूण १०,८००. भाडं ८०० धरलं तर १३.५, म्हणजे १४ दिवस. वापर ५ दिवस. भाड्याचा खर्च ४,०००. विकायला हरकत नाही.

१०० मॅक्रो : आज २५,०००. घट २,५००, व्याज ३,५००, एकूण ६,०००. भाडं ५०० धरलं तर १२ दिवस. वापर २० दिवस, सराफाच्या कामासाठी. ही ठेवायची.

जुनी क्रॉप बॉडी आणि १८-५५ : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुनी. पहिल्यांदा हीच विकावी असं वाटतं. पण काउंटरवर रोज पासपोर्ट फोटो तिच्यावरच निघतात. शिवाय ती असल्यामुळे महागड्या बॉडीचं शटर झिजत नाही. ही दुकानातली सगळ्यात कमावती वस्तू आहे. डोळे झाकून ठेवा.

कळलं का? आपण जुनं विकून नवं ठेवायला निघतो. हिशेब नेमका उलटं सांगू शकतो.

पायरी ४ : बॅकअपला हात लावू नका

वरचं सूत्र एका ठिकाणी लागू होत नाही. ते म्हणजे बॅकअप. दुसरी बॉडी वर्षात दोनच दिवस वापरली गेली तरी ती "कमी वापराची वस्तू" नाही. ती विमा आहे. गाडीतली स्टेपनी वापरली नाही म्हणून कोणी विकत नाही.

परत काढता येणार नाही असं काम तुम्ही घेत असाल, म्हणजे लग्न, बारसं, कार्यक्रम, तर या गोष्टी दोन असल्याच पाहिजेत :

- लेन्स बसेल अशी बॉडी
- मुख्य झूम बंद पडला तर काम चालवेल अशी दुसरी लेन्स (साधी ५० असली तरी चालेल)
- फ्लॅश
- बॅटऱ्या आणि कार्ड पुरेशी
- चार्जर

बॅकअप बॉडी शक्यतो मुख्य बॉडीच्याच घरातली असावी. तीच बॅटरी, तेच कार्ड, तीच बटणं. हळद लागताना कॅमेरा बंद पडला तर मेनू शोधत बसायला वेळ नसतो. म्हणूनच आपल्या उदाहरणात दुसरी डीएसएलआर ठेवायची आणि मिररलेस विकायचा.

तुम्ही फक्त दुकानात बसून प्रॉडक्ट फोटो काढता का? मग गणित वेगळं. आज बिघडलं तर उद्या काढता येतं. तिथे दुसरी बॉडी भाड्याची चालेल.

आणि हो, तुमच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर भाड्याने सामान मिळतं का, हे आधी तपासा. पुण्या-मुंबईत पटकन मिळतं. गडचिरोलीत किंवा कोकणातल्या आडगावात नाही मिळालं, तर येण्या-जाण्याचा दिवस आणि पेट्रोल भाड्यात मिळवा. मग किमान दिवसांचा आकडा खाली येईल आणि काही वस्तू ठेवाव्या लागतील. लग्नसराईत सगळ्यांनाच एकाच मुहूर्ताला सामान लागतं, हेही लक्षात असू द्या. भाड्याचं सामान मुहूर्त ठरला की लगेच बुक करायचं.

पायरी ५ : एकच घर निवडा

दोन माउंट चालवत असाल तर हळूहळू एकावर या. इथे तांत्रिक गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर चुकीचं विकलं जातं.

कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर चालतात, ऑटोफोकससकट. उलटं होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही. म्हणजे पुढे मिररलेसवर जायचं असेल तरी चांगल्या ईएफ लेन्स आज घाईने विकायची गरज नाही.

कॅननच्या ईएफ-एस लेन्स फक्त क्रॉप डीएसएलआरसाठी आहेत, फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स फुल-फ्रेमवर बसतात, पण फोटो कापून छोटा येतो.

निकॉनच्या झेड बॉडीवर जुन्या लेन्स लावायला एफटीझेड अडॅप्टर आहे. पण ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही. त्या लेन्स हाताने फोकस करायची तयारी असेल तरच ठेवा.

क्रॉप बॉडीवर तीच लेन्स जवळची वाटते, हे तर माहीत आहेच. कॅननवर १.६ पट, निकॉन आणि सोनीवर १.५ पट. म्हणजे ५० ची लेन्स कॅनन क्रॉपवर ८० सारखी दिसते. क्रॉप बॉडी राहणार असेल तर ५० आणि ८५ दोन्हींची गरज आहे का, ते पुन्हा बघा.

पायरी ६ : स्थिती तपासा

लेन्स उजेडात धरा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईत, हा रोग नेहमीचा. अशी लेन्स बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा आणि साफ करायला द्या. साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर आहे तशी सांगून विका. लपवून विकू नका. गाव छोटं असतं.

बॉडीचा शटर काउंट बघा. कंपन्या शटरचं अंदाजे आयुष्य सांगतात. उदाहरणार्थ, कॅनन ५डी मार्क ४ ला १,५०,००० आणि निकॉन डी८५० ला २,००,००० क्लिक. हा आकडा ओलांडला की शटर त्याच दिवशी तुटतं असं नाही, पण घेणारा भाव पाडतो. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच मिळतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलला वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

जे ठेवणार, ते नीट ठेवा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभर-दीडशे रुपयांचं आर्द्रता मीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. लेन्स चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, त्यात ओल धरते. न वापरायच्या बॅटऱ्या कॅमेऱ्यातून काढून अर्ध्या चार्जवर ठेवा.

आणि जे विकवत नाही त्याचं काय?

वडिलांचा रोलवाला कॅमेरा, पहिल्या कमाईची बॉडी. याचा हिशेब सूत्राने करू नका. मी सरळ नियम देतो : एक शेल्फ. दुकानात दर्शनी एक शेल्फ अशा वस्तूंसाठी ठेवा. त्यात मावेल तेवढं राहील. जुना कॅमेरा काउंटरमागे दिसला की ग्राहकाला कळतं, हे घर दोन पिढ्या या धंद्यात आहे. ती वस्तू तिथे काम करतेय. पण शेल्फ भरलं की दुसरं शेल्फ घ्यायचं नाही. प्रत्येक वस्तू "आठवण" व्हायला लागली तर दुकानाचं म्युझियम होतं, आणि म्युझियमला तिकीट लावल्याशिवाय भाडं निघत नाही.

घरात यावर बोलणं होणार. बाबांना न विचारता त्यांचा कॅमेरा यादीत टाकू नका. आधी चादर अंथरा, त्यांना शेजारी बसवा आणि त्यांनाच विचारा, "बाबा, यातलं तुम्ही काय ठेवलं असतं?" जुनी माणसं आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी असतात.

विकताना हे सांभाळा

वेळ : आषाढ-श्रावणात ठरवा, दिवाळीच्या आधी विका. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्याआधी नवीन मुलं सामान शोधत असतात.

जोडी : लेन्सबरोबर तिचं हुड, दोन्ही झाकणं आणि खोकं द्या. बॉडीबरोबर चार्जर, बॅटरी, पट्टा आणि मूळ बिल. हे सुटं सुटं विकून हातात काही येत नाही, पण सोबत दिलं तर भाव राहतो.

कार्ड : बॉडी देताना कार्ड काढून घ्या. जुनी कार्डं विकूच नका, ग्राहकांचे फोटो परत मिळवता येतात. बॉडीतली तुमची नावाची आणि वायफायची माहिती रिसेट करा.

पैसे : पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. नुसता स्क्रीनशॉट धरू नका, बँकेचं अॅप उघडा. कागदावर सिरियल नंबर, तारीख, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा.

कर : वस्तू धंद्याच्या हिशेबात दाखवलेली असेल तर विक्रीही हिशेबात दाखवावी लागते. आयकरात कॅमेरा साधारणपणे यंत्रसामग्रीच्या १५ टक्के घसाऱ्याच्या गटात येतो आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. तुम्ही जीएसटी नोंदणीत असाल आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर विकताना जीएसटीही भरावा लागतो. प्रत्येक तिमाहीला ५ टक्के कमी करून उरलेलं क्रेडिट किंवा विक्रीच्या रकमेवरचा कर, यातलं जे जास्त ते. म्हणून भाव ठरवण्याआधी सीएला एक फोन करा, नंतर नाही.

शेवटी हातात काय पडलं?

आपल्या उदाहरणातल्या स्टुडिओचा हिशेब पूर्ण करू.

विकायचं : मिररलेस ६२,०००, वाइड ४५,०००, किटची ५५-२५० ४,०००, जादा ट्रायपॉड, स्लायडर आणि बॅगा मिळून ६,०००. एकूण १,१७,०००. घासाघीस होणारच, १० टक्के कमी धरा. हातात १,०५,३००. करबीर असेल तर तो यातून वेगळा काढा.

ही सगळी रक्कम १४ टक्क्यांच्या कर्जात भरली तर वर्षाला व्याज वाचलं साधारण १४,७४२. मिररलेस आणि वाइडच्या किमतीची घट टळली १८,५००. दोन्ही मिळून ३३,२४२. त्यातून भाड्याचा खर्च १०,००० वजा. म्हणजे वर्षाला २३,२४२ रुपयांचा फरक, आणि एकही ऑर्डर सोडावी लागली नाही.

पण एक अट आहे. विकून आलेले पैसे त्याच आठवड्यात कामाला लावा. महागडं कर्ज आधी, मग सहा महिन्यांचं दुकानभाडं बाजूला, मग ज्याची खरंच अडचण होते अशी एखादी वस्तू. पैसे खात्यात नुसते पडले तर पुढच्या सेलमध्ये त्यांची परत लेन्स होते, आणि आपण जिथे होतो तिथेच.

इथून पुढचा नियम सोपा ठेवा. एक वस्तू आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे. आणि नवीन काही घ्यायच्या आधी तीच वस्तू तीन वेळा भाड्याने आणा. तीन ऑर्डरींत तिने भाडं काढून दिलं तर घ्या. नाही काढलं तर भाड्याचे थोडे पैसे गेले, साठ हजार नाही.

तुमचा गृहपाठ

या रविवारी :

१. सगळं सामान चादरीवर, यादी सहा रकान्यांत.
२. गेल्या १२ महिन्यांच्या दिलेल्या फोटोंतून लेन्सनिहाय आकडे.
३. बॅकअपच्या वस्तूंवर "ठ" लिहा. त्या या हिशेबाबाहेर.
४. उरलेल्या प्रत्येक वस्तूचं सूत्र मांडा.
५. वापर किमान दिवसांपेक्षा कमी असलेल्या वस्तूंवर "वि" लिहा.
६. अडलेल्या वस्तू एका पिशवीत बांधून तारीख लिहा. एक लग्नसराई पिशवी उघडली नाही तर त्याही "वि".

हेच सूत्र कॅमेऱ्यापुरतं नाही. शिवणकाम करणाऱ्या ताईची तिसरी मशीन, केटरिंगवाल्या दादांची मोठी पातेली, मंडपवाल्याचे जादा स्पीकर, सगळ्यांना लागू पडतं. किमान दिवस काढा, वापराचे दिवस मोजा, निर्णय आपोआप समोर येतो.

हिशेब करताना कुठे अडलात तर वस्तूचं नाव, आजचा भाव, वापराचे दिवस आणि तुमच्याकडचं भाडं एवढं लिहून विचारा. पुढच्या भागात आपण भाड्याने सामान देणं हाच जोडधंदा कसा करायचा ते बघू. तोवर कपाट उघडा, यादी करा.

भेटू लवकरच!